भरीत की पोपटी

फ्रिजवरचा गणपती काढून मी पर्समध्ये टाकला आणि आम्ही अंगणात भाजायचा ग्रिल बघायला निघालो. गणपती म्हणजे मॅग्नेट, वास्तुशांतीला कोणीतरी दिलेला. "मुहूर्त करायला नेतेस का त्याला?" नवऱ्याने विचारलं. मुहूर्ताला नव्हे, परीक्षेला. शेजारच्या आजोबांनी कानमंत्र दिला होता की दुकानात चकचकणारं सगळंच स्टेनलेस स्टील म्हणून विकतात, पण चुंबक घट्ट चिकटला तर ते बहुधा स्वस्तातलं; ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही. त्या दुकानात ओळीने उभ्या असलेल्या अकरा ग्रिलना मी गणपती लावून पाहिला. नऊंना तो असा चिकटला की नखाने उचकटावा लागला. दुकानातला पोरगा लांबून बघत होता. ही यांच्यातली काहीतरी पूजा असावी, असं वाटून तो बिचारा मध्ये पडला नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नव्हतं. शिकागोच्या पश्चिमेला उपनगरात घर घेतलं, मागे लाकडी डेक आणि अंगण, तेव्हा पहिल्याच महिन्यात सेलमधून एक गॅसचा ग्रिल आणला होता. चार बर्नर, शिवाय बाजूला पाचवा. कुठल्या दुकानातून, ते सोडा. खोक्यावर लिहिलं होतं की एका वेळी पंचवीस बर्गर मावतात. इथे ग्रिलचा आकार बर्गरमध्ये मोजायची पद्धत आहे. मी शाकाहारी, त्यामुळे पंचवीस बर्गर म्हणजे वांगी किती, हे मला कोणी सांगितलं नाही. तीन हिवाळे त्याने काढले. नंतरच्या एप्रिलमध्ये झाकण उघडलं तर बर्नरच्या नळ्यांना गंजून भोकं पडलेली, आणि खालचा पत्रा हात लावताच भुगा होऊन पडला. पण खरं सांगायचं तर तो मेला म्हणून मला वाईट वाटलं नाही. त्याच्यावर तीन वर्षांत एकदाही नीट भरीत झालं नव्हतं.

मी जळगावची आहे, हे आधी सांगायला हवं होतं. पुढचा सगळा हट्ट त्यातूनच आलाय.

आमच्याकडे भरिताचं वांगं म्हणजे काळं-जांभळं नव्हे. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, हातभर लांब नाही पण कोपरापर्यंत येईल असं. बामणोदचं, आसोद्याचं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, तेव्हा माझ्या मामाने फोन करून असं सांगितलं होतं की जणू घरातलं कोणी पास झालंय. हिवाळ्यात कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायचा आणि वांगी थेट जाळात टाकायची. जाळी नाही, तवा नाही. मामी एका लांब काटकीने ती वळवत राहायची. आधी साल तडतडते, मग देठापाशी पाणी सुटून सूं सूं आवाज येतो, आणि मग एका क्षणी ते ताठ वांगं दमल्यासारखं खाली बसतं. तो क्षण चुकला तर भरीत एक तर कच्चट लागतं, नाहीतर जळकट. साल ओल्या बोटांनी काढायची. नळाखाली धरून धुणाऱ्यांनी भरीत करूच नये असं माझं मत आहे. मग लाकडाच्या बडगीत ठेचलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. चंपाषष्ठीला खंडोबाला याचाच नैवेद्य, त्याआधी चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आजीला वांगं वर्ज्य. चार महिने तिचं लक्ष देवापेक्षा मार्गशीर्षाकडे जास्त असायचं.

घर घेण्याआधी आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. तिथे बाल्कनीत विस्तव पेटवायला मनाई. इथे बहुतेक ठिकाणी अग्निसुरक्षेचा नियमच तसा असतो: जळू शकेल अशा बांधकामापासून दहा फुटांच्या आत अपार्टमेंटवाल्यांना कोळशाची शेगडी चालत नाही. स्वतंत्र घरवाल्यांना सूट, म्हणजे त्यांनी आपापल्या जबाबदारीवर डेक जाळावा. स्वयंपाकघरात गॅस नाही, विजेची कॉइल. तिच्यावर भाजलेल्या पहिल्या वांग्याला छतावरचा स्मोक अलार्म असा बोंबलला की खालच्या मजल्यावरची बाई बाळ कडेवर घेऊन रस्त्यावर गेली. दुसरं वांगं मी ओव्हनमध्ये ठेवलं, टोचे मारायला विसरले. ते फुटलं. लवंगीपेक्षा मोठा आणि सुतळी बॉम्बपेक्षा लहान आवाज झाला. ओव्हन घासताना मी ठरवलं, अंगण मिळालं की पहिली गोष्ट ग्रिल.

आणि मिळालं तेव्हा घाई करून तो चार बर्नरवाला आणला. त्याच्यावर भरीत का होईना, हे कळायला मला वर्ष लागलं. झाकणावरचा काटा ४५० फॅरनहाइट दाखवायचा. वांगं मात्र पाऊण तास तसंच पडलेलं, साल सुरकुतलेली पण काळी नाही, आतून शिजलेलं. चवीला उकडलेल्या वांग्यासारखं. कारण साधं आहे. गॅसच्या ग्रिलमध्ये बर्नरच्या ज्योतीवर पत्र्याच्या उलट्या व्ही आकाराच्या पट्ट्या असतात. चरबी ठिबकून ज्योत विझू नये, बर्नर तुंबू नये म्हणून. ठिबकलेली चरबी त्या तापलेल्या पट्ट्यांवर जळते, तिचा धूर वर चढतो आणि तोच ग्रिलचा वास. मांसाला ते छान जमतं. वांग्याला कुठली आलीय चरबी? त्यामुळे धूर नाही. ज्योत पत्र्याखाली दडलेली, म्हणून जाळही नाही. उरते गरम हवा, म्हणजे अंगणात ठेवलेला ओव्हन.

त्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी डेकवर उभं राहून तो ग्रिल पुढून मागून पाहिला. खालची टाकी पाहिली. मग म्हणाल्या, "घरात वीज आणि अंगणात गॅस? उलटंच आहे गं तुमचं सगळं."

सासूबाई अलिबागकडच्या. आणि इथे या गोष्टीतली दुसरी बाजू सुरू होते, कारण नवऱ्याला ग्रिलवर भरीत नको होतं, त्याला पोपटी हवी होती. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, कणगं, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, मधेमधे जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. आतला जिन्नस आगीचं तोंडही पाहत नाही. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्याची वाफ आणि पाल्याचा वास, दोन्ही मडक्यात कोंडून राहतात.

तर आमच्या घरातलं भांडण असं: मला जाळ हवा, त्याला झाकण. दोन महिने आम्ही ग्रिलविषयी वाचत होतो, त्याने तर एक्सेल केलं, आणि जितकं वाचत गेलो तितकं मला वाटत गेलं की हे सगळे जण आमच्याच भांडणाविषयी लिहितायत. त्यांचे शब्द वेगळे, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. म्हणजे भरीत आणि पोपटी. कुठल्याही ग्रिलला एवढंच विचारायचं की बाबा, तू भरीतवाला की पोपटीवाला?

हा प्रश्न घेऊन दुकानात फिरलं की बरंचसं धुकं आपोआप निवळतं. उदाहरणार्थ बीटीयू. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हा आकडा असतो, चाळीस हजार, पन्नास हजार. आमच्या जुन्या ग्रिलचाही दांडगा होता. पण तो आकडा ग्रिल तासाला किती गॅस पितो ते सांगतो, वांग्याला किती आच लागते ते नाही. जाड पत्र्याचा, नीट बंद होणारा लहान ग्रिल कमी गॅसवर जास्त तापतो. पातळ पत्र्याचा मोठा ग्रिल अंगण तापवतो. गाडी किती पेट्रोल खाते त्यावरून ती किती पळते हे ठरवण्यातला प्रकार.

गॅसला मी सरसकट नावं ठेवत नाही. रोज संध्याकाळी कामावरून येऊन दहा मिनिटांत पनीर, ढोबळी मिरची, कणसं भाजायची असतील तर गॅसच घ्यावा, माझ्याकडे पाहू नये. टाकी वीस पौंडांची असते, म्हणजे नऊ किलो. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. आत निव्वळ प्रोपेन. आपल्या एलपीजीत ब्युटेनही असतं, आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत दम धरतं, म्हणून इथल्या जानेवारीतही शेगडी पेटते. रिकामी टाकी देऊन भरलेली घ्यायला गेलात तर वीस पौंडांच्या टाकीत बहुधा पंधराच पौंड भरलेले असतात, आणि लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. माझे वडील गॅसवाल्याला दारात उभं करून सिलिंडर काट्यावर तोलून घ्यायचे. त्यांना हे कळलं तेव्हा अमेरिकेविषयीचा त्यांचा आदर एका फोनमध्ये पाच पौंडांनी उतरला.

नवऱ्याचं मन पेलेट ग्रिलवर होतं. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या कांड्या. वीज लावायची, तापमान सांगायचं, आत एक स्क्रू फिरत फिरत कांड्या विस्तवात लोटत राहतो. ऑरेगनमधल्या ट्रेगर नावाच्या गृहस्थांनी हे १९८०च्या दशकात काढलं. आता फोनवरूनही चालतो. शंभर टक्के पोपटीवाला. वांग्याला मंद धुरात दोन तास बसवून ठेवेल, काळं मात्र करणार नाही. शिवाय दिवे गेले की स्वयंपाक बंद, ही कल्पनाच मला चुलीचा अपमान वाटते.

मग कामाडो. अंड्याच्या आकाराचा, जाड सिरॅमिकचा, एकदा तापला की तासन्‌तास तसाच. कामाडो हा जपानी शब्द, अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी तसल्या मातीच्या चुली घरी आणल्या, आणि १९७४ साली अटलांटात एकाने त्यांचं दुकान थाटलं, तीच आजची बिग ग्रीन एग. बारीक कोळशावर तो पोपटी करतो, वारा मोकळा सोडला तर भट्टीसारखा भरीतही करतो. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग किंमत पाहिली, आणि उचलून पाहिला. उचलला गेला नाही. सासूबाईंना फोटो पाठवला, खाली किंमत रुपयांत. त्यांचं उत्तर आलं: "रांजण आहे का?"

शेवटी निर्णय दुकानात झालाच नाही, शेजारच्या अंगणात झाला. चुंबकवाले आजोबा. त्यांची लाल केटल, म्हणजे गोल झाकणाची कोळशाची शेगडी, माझ्या लग्नाहून जुनी, एक पाय तारेने बांधलेला. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, इथे ग्रिलचा मोसम सुरू होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली. केटलची गोष्ट त्यांनीच सांगितली आणि ती आमच्याच भागातली निघाली. शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाचा कारखाना होता. तिथे पाण्यावर तरंगते बोये बनायचे, गोल, पत्र्याचे. जॉर्ज स्टीफन नावाचा तिथला माणूस घरी उघड्या शेगडीवर भाजायचा आणि वारा-पाऊस आला की वैतागायचा. १९५२ साली त्याने बोयाच्या गोळ्याची दोन अर्धुकं केली. खालच्याला तीन पाय, वरच्याला मूठ. लोक त्या प्रकाराला पुढे स्पुटनिक म्हणायला लागले. कंपनीचं मुख्य कार्यालय आजही इथून अर्ध्या तासावर, पॅलटाइनला आहे. "त्यात काही नाही," आजोबा म्हणाले, "खाली भोकं, वर भोकं. वारा किती सोडायचा एवढंच शिकायचं."

त्यांनी कोळसा पेटवला तो पाहून मी हसायलाच लागले. पत्र्याचं उभं नळकांडं, खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसे. काडी लावली आणि ते निघून गेले. पंधरा-वीस मिनिटांत सगळे कोळसे लाल. चिमणी स्टार्टर म्हणतात. जळगावला आजी शेगडी पेटवताना तिच्यावर बूड कापलेला डालड्याचा डबा उभा करायची, तो हाच. ब्रिकेट म्हणून उशीसारखे जे एकसारखे कोळसे मिळतात, ते फोर्डने वाढवलेले. मॉडेल टीच्या गाड्यांना लाकूड लागायचं, त्याचे तुकडे आणि भुसा उरायचा, तो १९२०च्या दशकात मिशिगनमध्ये जाळून, पिष्टाने बांधून, त्याचे ठोकळे केले; किंग्जफोर्ड हा ब्रिकेटचा ब्रँड त्यातूनच आला. आजी कोळशाची चुरी शेणात कालवून गोळे थापायची आणि गच्चीवर वाळवायची. तिने कधी पेटंट घेतलं नाही.

आजोबांकडे अख्ख्या लाकडाच्या कोळशाचे तुकडेही होते, लम्प. ते ब्रिकेटपेक्षा भराभर पेटतात, जास्त तापतात आणि लवकर संपतात. थोडक्यात, पऱ्हाट्यांचे लांबचे नातेवाईक. मी घरून दोन वांगी आणली. इथली, जांभळी, पोट सुटलेली. बोटाने तेल लावलं, चार टोचे मारले, आणि जाळी बाजूला करून थेट निखाऱ्यांवर ठेवली.

आजोबा खुर्चीतून उठले. "हे जाळायचंय की शिजवायचंय?"

"दोन्ही."

साल तडतडली. मी चिमट्याने वळवत राहिले. दहाव्या मिनिटाला देठापाशी फेस आला आणि सूं सूं सुरू झालं. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकत होते ते मोजलं नाही. पंधरा-सोळा मिनिटांनी पहिलं वांगं खाली बसलं. शेवटची दोन मिनिटं झाकण टाकलं, भोकं अर्धी मिटली, आणि सालीचाच धूर त्यात कोंडला. हे मामीकडेही नव्हतं. नवरा कुंपणापलीकडून पाहत होता. झाकण टाकलेलं पाहून त्याचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी बावीस इंची काळी केटल आणली. पेलेटवाल्याच्या किमतीत अशा तीनचार तरी आल्या असत्या. गंमत म्हणजे तिला गणपती खटकन चिकटला. केटल साध्या लोखंडी पत्र्याचीच असते, फक्त आतून-बाहेरून चिनीचा मुलामा, आपल्या जुन्या एनॅमलच्या टोपांना असायचा तसा. मुलामा टवका उडेपर्यंत गंजाला दाद देत नाही. म्हणजे चुंबकाची परीक्षा उघड्या, चकचकीत स्टीलपुरतीच. अकरा ग्रिलना देव लावून झाल्यावर हे कळलं. जाळी मात्र मी दोन्ही कडा उचलता येणारी घेतली, चालू असताना कोळसा टाकता येतो. आणि एक जादा जाळी, कारण मंडळातली माणसं जेवायला येतात तेव्हा त्यांतली निम्मी शाकाहारी असतात आणि त्या निम्म्यांतल्या काहींना 'आधी त्यावर काय भाजलं होतं' हे विचारायचं असतं पण धीर होत नाही. दोन जाळ्या असल्या की धीर लागत नाही. तारांचा ब्रश नको म्हणून आजोबांनी बजावलं, त्याच्या तुटक्या तारा अन्नातून पोटात गेल्याच्या केसेस इथे झाल्यात. काट्याला अर्धा कांदा टोचून तापलेल्या जाळीवर घासायचा, झालं.

पहिल्या भरितानंतरच्या शनिवारी नवऱ्याने पोपटी लावली. कोळसे दोन कडांना, मध्ये झाकणाचं जाड लोखंडी भांडं. वालाच्या शेंगांऐवजी एडामामे, म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, भांबुर्ड्याऐवजी दुकानातली फ्रोझन केळीची पानं आणि मूठभर ओवा. झाकण टाकून चाळीस मिनिटं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. सासूबाई, ज्या यंदा पुन्हा आल्यात, खुर्चीत बसून वाट पाहत होत्या. भांडं उघडलं, वाफ आली. त्यांनी एक शेंग सोलली, खाल्ली, दुसरी सोलली.

"उकडलेल्या शेंगा छान झाल्यात," त्या म्हणाल्या.

तो अजून भांबुर्ड्याच्या वासाजवळ जाणारा पाला शोधतोय. मध्यंतरी आजोबांच्या वाफ्यातला सेज टाकून पाहिला, त्यावर सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे प्रगती आहे. मी वरची-खालची भोकं बंद करून उरलेले निखारे विझवते, पुढच्या वेळी तेच पुन्हा पेटतात. राख मात्र दोन दिवस हात लावत नाही. आत कुठेतरी ठिणगी जिवंत असते आणि डेक लाकडाचा आहे.

काल ती काढून कचऱ्यात टाकायला निघाले तर सासूबाईंनी दारातच अडवलं. "टाकतेस काय? लाकडाची आहे ना?" ब्रिकेटची असती तर मीच नको म्हटलं असतं. त्यांनी माझ्या हातून डबा घेतला, तारेच्या गाळणीने राख चाळली, झिपलॉकच्या दोन पिशव्यांत भरली आणि सिंकखाली ठेवली. आज सकाळी देवापुढचा तांब्या असा लखलखत होता की नवऱ्याने विचारलं, नवा आणला का?